लहर पहिल्यांदा कोणाला दिसली?

१४ सप्टेंबर २०१५. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात दुपारचे बारा वाजत आले होते. मॅक्स प्लँक गुरुत्वीय भौतिकी संस्थेत मार्को ड्रागो हा तिशीतला इटालियन पोस्टडॉक आपल्या कामात होता. लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांच्या नोंदी चाळणाऱ्या संगणकप्रणालीचा एक ईमेल आला. लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन्ही वेधशाळांत एकच ठसा उमटला होता. तो इतका ठळक होता की ड्रागोला बनावट वाटला, कारण यंत्रणा जोखण्यासाठी असे संकेत अधूनमधून मुद्दाम सोडले जात. सहकाऱ्याला घेऊन त्याने अमेरिकेत फोन लावले. तिकडे पहाट होती. लिव्हिंग्स्टनहूनच काय ते उत्तर आले: सारे नेहमीसारखे चालू आहे. मग त्याने साऱ्या गटाला ईमेल करून विचारले, हे कशामुळे झाले असेल, कोणाला काही माहीत आहे का?

संकेत कोणीच सोडला नव्हता. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एक झाली होती. तिथून निघालेल्या लहरीने वेधशाळांच्या चार किलोमीटरच्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका फरक पाडला होता.

या शोधाला २०२५ मध्ये दहा वर्षे झाली. त्यासाठी २०१७ चे भौतिकीचे नोबेल वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळाले, ते यथायोग्यच. इथे मात्र आम्हाला पोस्टडॉकविषयी बोलायचे आहे. पीएचडी झालेली असते, कायम नोकरी नसते. करार दोन-तीन वर्षांचा, आणि व्हिसा त्या कराराला बांधलेला. नव्या गावात सामान लागते न लागते तोच पुढचे अर्ज सुरू होतात. जोडीदाराची नोकरी अनेकदा दुसऱ्याच देशात असते. पुण्या-नाशिकचे आईवडील रविवारच्या फोनवर विचारतात, ‘कायम कधी होणार रे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या हाती नसते.

ड्रागो अभिजात संगीताचा पियानो वाजवतो, त्याच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या इटालियनमध्ये छापून आल्या आहेत. हे वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. परक्या गावात प्रयोगशाळेबाहेर ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला असा नाद माणसे मिळवून देतो आणि गणित अडून बसते त्या आठवड्यांत सावरतोही. आपल्याकडे दहावीच्या वर्षी पेटी माळ्यावर जाते आणि पुष्कळदा तिथेच राहते. हुशार मुलांवर आपण केलेला हा अन्याय आहे.

आता असे संशोधक आपल्यालाही लागणार आहेत: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही तशीच वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटातून असे संकेत वेचून काढण्याच्या पद्धतींवर कित्येक वर्षे पायाभूत काम केले, तेव्हा या वेधशाळेचा हक्क आपण कमावलेला आहे. जमीन, आरसे, निर्वात नळ्या यांची चर्चा होते. माणसांची होत नाही. हॅनोव्हर, कार्डिफ, पासाडेना इथल्या तरुण संशोधकांनी हिंगोलीला यावे असे वाटत असेल, तर पाच वर्षांचे करार, जोडीदाराला काम, मुलांना चांगली शाळा आणि संध्याकाळी उघडे राहणारे ग्रंथालय यांची तरतूद आजच अंदाजपत्रकात दिसायला हवी. वेधशाळा चालू होण्याच्या निदान तीन वर्षे आधी त्या जागांच्या जाहिराती निघाल्या पाहिजेत.