सड्यावरचं बोटभर पाणी

जूनमध्ये आंबोलीला जाल, तेव्हा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पाऊल टाकण्याआधी खाली बघा. जांभ्याच्या खळग्यात बोटभर पाणी साचलेलं असतं. चार दिवस ऊन पडलं की आटणारं. तेवढ्या पाण्यात एक इवलासा भेक आपली अंडी सोडतो. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायग्रिना. २००९ साली या नावाने त्याची नोंद झाली. जगात तो आंबोली आणि आसपासच्या टापूतच सापडतो, आणि 'आययूसीएन'च्या लाल यादीत आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा सख्खा भाऊबंद एकच, कोयनेच्या रानातला. तोही सह्याद्रीबाहेर नाही.

इतर बहुतेक भेकांच्या माद्या हजारांनी अंडी घालतात, ही मोजकीच घालते. पहिल्या सरी पडल्या की नर साद घालू लागतात, थोड्याच दिवसांत वर्षभराचा संसार उरकतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या गाड्या घाट चढू लागतात. भेक रात्री रस्ता ओलांडतो आणि चाकाखाली येतो. दिवसा कुणी फोटोसाठी गाडी थेट सड्यावर घालतं, कुणी त्या खळग्यातच चिखलाचे बूट खळखळून धुतं. त्या माणसाला दोष देववत नाही. तिथे काही जिवंत आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मूळ दुखणं हेच आहे. रान म्हटलं की आपल्याला झाडं दिसतात. उघडा कातळ म्हणजे ओसाड. सातबाऱ्यावरही तो पोटखराबा. मग तिथून जांभा काढला, प्लॉट पाडले, तरी कुणाचं काही गेलं असं वाटत नाही. पण हा भेक काही झाडावर जाऊन अंडी घालणार नाही. खळगा बुजला की त्याची पुढची पिढी तिथेच संपली.

आंबोलीकरांनी हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्या माशासाठी आपलं वजन टाकलं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. सड्यासाठीही तसंच उभं राहूया. ग्रामसभेत विषय मांडा, गावाच्या जैवविविधता नोंदवहीत एकेका सड्याचं नाव चढवा. हॉटेलवाल्यांनो, खोलीची किल्ली देताना पाहुण्यांना या भेकाबद्दल दोन वाक्यं सांगा. आणि पावसाळी रात्री घाट चढणाऱ्यांनो, वेग कमी ठेवा. दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर काही हललं, तर थांबा; त्याला पलीकडे जाऊ द्या.