तेल झेलणारा डबा

जपानमधल्या गाडीवेड्या मंडळींच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो, ‘ओइरु क्यात्ची तांकु’. घाबरू नका, अस्सल जपानी वगैरे काही नाही. ऑइल कॅच टँकच तो, जपानी तोंडातून बाहेर पडताना एवढा लांबला. आपल्याकडे त्यालाच कॅच कॅन म्हणतात. ॲल्युमिनियमचा छोटासा डबा आणि दोन नळ्या, बस्स. पण या डब्यावरून कुठला कायदा लोक पाळतात आणि कुठला नाही ते कळतं, असं माझं मत आहे.

आधी थोडं इंजिनीअरिंग. (कंटाळा आला तर गाळा, परीक्षेत येणार नाही.) पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी दाबामुळे थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. खाली उडणाऱ्या तेलाचे तुषार घेऊन तो पुन्हा वर येतो. पूर्वी तो सरळ हवेत सोडून देत. कॅलिफोर्नियात धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत होते, म्हणून १९६०च्या दशकात हा वायू परत इंजिनातच ओढून जाळायची पद्धत आली. जपानने १९७० साली नव्या गाड्यांना तिची सक्ती केली.

रोजच्या गाडीत ही व्यवस्था उत्तम चालते. पण टर्बो असेल, इंजिन सतत वरच्या आरपीएमला फिरत असेल, वळणांवर तेल हेलकावत असेल, तर नळीतून तेल जास्त येतं. ते इंटरकूलरमध्ये साचतं आणि हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेलं की नॉकिंगची शक्यता वाढते. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे तिथे बसलेला काळा थर धुतला जात नाही. म्हणून वाटेत हा डबा बसवायचा. वायू आतल्या जाळीवर आणि पडद्यांवर आदळतो, तेल तळाशी राहतं, वायू पुढे जातो.

आता मुद्द्याचं. माझ्या जुन्या टर्बो गाडीला असा डबा आहे हे कळल्यावर पुण्याच्या भाच्याने फर्माईश केली. “मामा, येताना मलाही एक आण. पण परत जाणारी नळी मी जोडणार नाही. वर छोटा फिल्टर लावला की झालं. इथे सगळे तसंच करतात.”

या ‘तसंच’ला जपानीत ‘ताइकी काइहो’ म्हणतात, म्हणजे वायू हवेत मोकळा सोडणं. आणि इथे गाडी अडते ती नेमकी तिथेच. जपानात ‘शाकेन’ नावाची तपासणी असते. नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. डबा घट्ट बसवला असेल आणि वायू परत इनटेकमध्ये जात असेल तर हरकत नाही. नळी उघडी दिसली की नापास.

आपल्याकडची पीयूसी तपासते ती सायलेन्सरच्या तोंडातून येणारा धूर. बॉनेटखाली उघडी सोडलेली नळी तिला दिसतच नाही. गंमत म्हणजे कायदा आपलाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मालकाला बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जपानमध्ये बेकायदा बदलाला २००३ पासून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड आहे. म्हणजे कैद दोन्हीकडे सारखीच!

मग फरक कुठे? जपानी माणूस जन्मतःच शिस्तीचा असतो, हे उत्तर मला पटत नाही. तसं असतं तर दर जूनमध्ये बेकायदा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध इथे खास मोहीम चालवावी लागली नसती. फरक आहे तो रेघ कुठे आखली त्याचा. १९९५ मध्ये जपानने नियम सैल केले. ठरावीक भाग बसवायला वेगळी परवानगी नको, लांबीत तीन, रुंदीत दोन आणि उंचीत चार सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालेल, असं आकड्यांत सांगितलं. म्हणजे हौशी माणसाला कायद्यात राहून हौस भागवायची वाट ठेवली, आणि दुसऱ्याला त्रास होईल तिथे मात्र रेघ पक्की केली. आपल्याकडे सीएनजी किटसारखे मोजके अपवाद सोडले तर जवळपास सगळ्यालाच मनाई. त्यामुळे वायू परत जाळणारा आणि रस्त्यावर सोडणारा, दोघेही कायद्यापुढे सारखेच संशयित. मग नीट करणाऱ्याला नीट करण्याचं कारण काय उरतं?

“एवढ्याशा वाफेने काय होतंय?” असं भाचा म्हणालाच. त्याला रेसचा नियम सांगितला. एफआयएच्या नियमांत उघडा ब्रीदर असलेल्या गाडीला तेल झेलणारी टाकी लागते, दोन हजार सीसीपर्यंत किमान दोन लिटरची, त्यावर तीन लिटरची. उद्देश हा की तेल ट्रॅकवर सांडू नये. म्हणजे ज्या रेसिंगवरून ही फॅशन आली, तिथे ही टाकी मागून येणाऱ्या गाडीवाल्यासाठी आहे! आपल्याकडे मागे स्कूटरवर कोणीतरी आई मुलाला शाळेत नेत असते.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ऑफिस-घर-मंडई करणाऱ्या गाडीला हा डबा लागत नाही, ते पैसे वेळेवर तेल बदलण्यात घाला. लावायचाच असेल तर नळी परत जोडा, तेल सोसणारी नळी वापरा आणि डबा वेळच्या वेळी रिकामा करा. थंडीत त्यात पाणी मिसळून दुधाळ काला होतो, तो गटारात ओतू नका. आणि सरकारने सरसकट मनाईऐवजी आकड्यांत स्पष्ट यादी करावी आणि वर्षातून एकदा बॉनेट उघडून बघावं.

भाच्यासाठी डबा आणणार आहे, पण दोन्ही नळ्यांसकट आणि क्लिपा मी स्वतः आवळणार या अटीवर. बघा, पटतंय का.