हाती पाने चांगली असता

गेल्या हिवाळ्यात नागझिऱ्याच्या विश्रामगृहात आम्ही चार स्नेही कंदिलाच्या उजेडात तीन पत्ती खेळत बसलो होतो. पैशांच्या जागी चिंचोके होते, आणि चाल किती वाढवावी यास मर्यादा ठेविली नव्हती. प्रत्येकाचा एक चिंचोका आधी पडला, मग चौघांनी चार-चारांची चाल दिली. आमच्या हाती बदामाची राणी, नव्वी व चौकी होती. दुसऱ्या फेरीस एका गृहस्थाने चाराची चाल एकदम वीस केली. दोघे उठले, आणि आम्हीही पाने टाकली. ती काय होती हे कळताच जो धिक्कार झाला तो अद्याप कानांत आहे. एक म्हणाले, "अहो, कलर टाकायचा तर खेळायला बसावे कशाला? छाती लागते!" दुसऱ्यांचा अभिप्राय असा की, हा निव्वळ नशिबाचा खेळ, त्यात विचार करणे हेच हास्यास्पद. एकाने छातीवर भरवसा ठेविला, दुसऱ्याने दैवावर. डोक्याला मात्र दोघांनीही रजा दिली.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० हात संभवतात. त्यांपैकी कलरहून वरचढ अवघे ८२०. कलरचे १,०९६, आणि आमचा हात त्यांच्या जवळजवळ मध्यावर. तेव्हा वाटेल त्या हाताशी तुलना केल्यास शंभरांत सहाच आमच्यावर मात करते. येथवर धिक्कार करणाऱ्यांचे म्हणणे खरे. परंतु समोरचा हात वाटेल तो नव्हता! कलरहून हलक्या पानांवर हा गृहस्थ असली उडी घेत नाही, हे आम्ही तासभर पाहत होतो. मग हिशोब २२,१०० चा न राहता १,९१६ चा होतो, व त्यांतील सुमारे १,३७० हात आमच्याहून सरस. म्हणजे दहांत सात. ढिगात चाळीस चिंचोके होते, पाने उघडावयास वीस लागत होते. असा प्रसंग दहादा आला तर सात वेळा मिळून एकशे चाळीस जाणार, तीन वेळा मिळून एकशे वीस येणार. ढिगात साठ असते तर त्याच पानांवर, त्याच गृहस्थापुढे, आम्ही खुशाल शो मागितला असता.

दैववाद्यांच्या पाठीशी सर्वोच्च न्यायालय आहे, हे आम्ही जाणून आहो. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीत कौशल्य मान्य केले आणि तीन पत्तीस केवळ नशिबाचा खेळ ठरविले. एके काळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या या विद्वानाविषयी आम्हांस आदरच आहे. पण कोणते पान ठेवावे व कोणते टाकावे यात ज्यांस रमीचे कौशल्य दिसले, त्यांस तिन्ही पाने एकदम टाकण्यात ते दिसू नये, हे नवल होय. पोकरासही गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली याच पंक्तीस बसविले. पैसे लावून खेळावे असे आम्ही म्हणत नाही. त्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे वाचकांनीही पाहिली असतील. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद करताना कौशल्य की नशीब हा वादच बाजूस सारला, ते आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. खेळ घातक म्हणून खुशाल बंद करावा. निर्बुद्ध म्हणून करू नये.

विदर्भाने तर असे मुळीच म्हणू नये. नलोपाख्यानातला ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडेच निघाला होता. वाटेत त्याने एका बेहड्याची पाने व फळे नुसत्या दृष्टीने मोजून सांगितली, आणि सारथी झालेल्या नळाने झाड तोडून ती पडताळली. द्यूतात राज्य घालविलेल्या त्या राजास अक्षविद्या लाभली ती या मोजणीच्या गुरूकडून. बेहडा नागझिऱ्याच्या रानातही आहे; आमच्या छातीवाल्या स्नेह्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

सकाळी पिटेझरीच्या फाटकाकडे निघताना मंडळींनी त्या गृहस्थास खोदखोदून विचारले, "काल होते तरी काय?" तो नुसता हसला. आम्ही विचारले नाही. त्याच्याजवळ दुर्री, पंजी, सत्ती असती, तरी आमची पाने आम्ही पुन्हा तेथेच टाकली असती.