पदवी आणि हातगुण

साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एका वर्षाची आंतरवासिता, अशी एकूण साडेपाच वर्षे वेचून आमचा विद्यार्थी आयुर्वेदाचार्य होतो. परिषदेची नोंदणी होते, नावापुढे 'वैद्य' ही उपाधी लागते. मात्र त्यानंतरची त्याची पहिली नोकरी बहुधा एखाद्या खासगी ॲलोपॅथिक रुग्णालयातील रात्रपाळीची असते. सलाईन लावणे, रक्तदाबाची नोंद ठेवणे, तज्ज्ञ डॉक्टरांना दूरध्वनी करून त्यांच्या सूचना कागदावर उतरविणे, हेच त्याचे नित्यकर्म होते. दोन-तीन वर्षांत दोष-दूष्यांचा विचार मागे पडतो व पुढे स्वतःचा दवाखाना थाटला तरी लेखणीतून तीच औषधे उतरतात.

याचा दोष आपण सहसा विद्यार्थ्याच्या निष्ठेला देतो. 'आजच्या मुलांना आयुर्वेदावर श्रद्धाच नाही' हे वाक्य आपल्या प्रत्येक संमेलनात ऐकू येते. प्रस्तुत लेखकास हे निदान मान्य नाही. निष्ठा उपदेशाने येत नाही, ती प्रत्ययाने येते. आमवाताच्या रुग्णास लंघन, दीपन-पाचन आणि वालुकास्वेद देऊन सांध्यांची सूज उतरलेली ज्या विद्यार्थ्याने दिवसागणिक स्वतः पाहिली, त्यास व्याख्यानाची गरज उरत नाही. ज्याने ती कधीच पाहिली नाही, त्याने केवळ ग्रंथावर विसंबून रुग्णाचा जीव व स्वतःचा संसार पणास लावावा, ही अपेक्षा अवाजवी आहे.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले, ते आपणा सर्वांस मुखोद्गत आहेत. त्यांपैकी शास्त्राचे निर्मळ ज्ञान हा पहिला आणि बहुशः दृष्टकर्मता हा दुसरा. विद्यापीठाची परीक्षा पहिल्या गुणाची बऱ्यापैकी पारख करते. दुसऱ्या गुणाची पारख तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत होणे शक्य नाही. तो गुण रुग्णाच्या खाटेशेजारीच अंगी बाणतो.

सुश्रुतसंहितेतील अध्यायांचा क्रमही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्यासूत्रीय. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. लेखनाचा केसांसह ताणलेल्या चामड्यावर. वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर, असा तपशील तेथे आहे. त्यानंतर दहावा अध्याय येतो विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे वैद्याचा व्यवसायात प्रवेश. आधी अध्ययन, मग योग्या, मग प्रवेश. आज आपल्याकडे अध्ययन होते, परीक्षा होते आणि थेट प्रवेश होतो. राहिलेली योग्या पहिल्या नोकरीत रुग्णाच्या देहावर पार पडते.

महाविद्यालयीन रुग्णालये या कामास अपुरी का पडतात, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. २०१६ च्या किमान मानकांनुसार १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेस १०० खाटांचे रुग्णालय व त्यांपैकी सरासरी ४० टक्के खाटा भरलेल्या असणे आवश्यक मानले गेले. म्हणजे सर्व निकष प्रामाणिकपणे पाळणाऱ्या संस्थेतही ४० आंतररुग्णांभोवती १०० आंतरवासीय आणि शिवाय वरच्या वर्गांतील विद्यार्थी. एका रुग्णाचा व्याधी पूर्वरूपापासून उपशयापर्यंत एकाच विद्यार्थ्याने पाहावा, हे या गर्दीत कसे घडावे? आणि जेथे निकष केवळ कागदोपत्री पूर्ण होतात, तेथील स्थितीविषयी न बोललेलेच बरे.

नव्या व्यवस्थेत काही सुधारणा निश्चितच झाल्या. २०२० च्या कायद्याने भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला, २०२२ च्या नियमांनी अभ्यासक्रमाची दीड-दीड वर्षांच्या तीन टप्प्यांत पुनर्रचना केली. त्यांचे स्वागत असो. तथापि अभ्यासक्रम बदलल्याने खाटेवरचे रुग्ण वाढत नाहीत.

यावर असे म्हटले जाईल की, विद्यापीठाने विद्या द्यावी, उपजीविका शिकविणे हे त्याचे काम नव्हे. इतर विद्याशाखांपुरते हे ग्राह्य असेलही. वैद्यकात विद्या आणि कर्म यांची अशी फारकत करता येत नाही. बाजारात अशोकाची साल म्हणून खोट्या अशोकाची साल हाती येते, ती ओळखणे ही विद्या की व्यवहार? असाध्य लक्षणे पाहून रुग्णास वेळीच अन्यत्र पाठविणे, नातलगांना साध्यासाध्यता स्पष्ट शब्दांत सांगणे, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आल्यानंतर प्रत्येक रुग्णाची नोंद नीट ठेवणे, यांवाचून विद्या रुग्णापर्यंत पोहोचतच नाही.

रात्रपाळी करणाऱ्या तरुणांस हिणविण्याचा येथे हेतू नाही. घरची जबाबदारी असते, शिक्षणाचे कर्ज असते. शिवाय आत्ययिक अवस्थेची ओळख तेथे होते, हा लाभही लहान नव्हे. गुरुकुलाच्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. एका गुरूपाशी मोजके शिष्य शिकत आणि गुरूची मर्यादा तीच शिष्याची मर्यादा ठरे. महाविद्यालयांनी विद्या अनेकांस खुली केली, हे त्यांचे ऋण मान्य करूनच पुढे जावे लागेल.

मग उपाय काय? १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने पदवीधरांस अनुभवी वैद्यांकडे एक वर्ष ठेवण्याची योजना चालविली आहे. तिचा लाभ थोड्यांनाच मिळतो, परंतु दिशा योग्य आहे. तेच काम आपल्या संघटनेस जिल्हापातळीवर करता येईल. दहा वर्षांहून अधिक काळ शुद्ध आयुर्वेदीय चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक सभासदाने नुकतीच नोंदणी झालेल्या एका तरुण वैद्यास सहा महिने आपल्या दवाखान्यात घ्यावे. त्यास पुड्या बांधण्यापुरते राबवू नये. यथाशक्ति मानधन द्यावे. त्याने किमान ५० रुग्णांची हेतू, संप्राप्ती, योजना आणि परिणाम यांसह नोंद करावी, व त्यांत गुण न आलेले रुग्णही असावेत. महिन्यातून एकदा जिल्ह्यातील वैद्यांनी एकत्र बसून या नोंदींवर तद्विद्यसंभाषा करावी.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. 'माझा अनुभूत योग मी का सांगावा?' आणि 'शिकून हाच माझ्या गल्लीत दवाखाना थाटेल' हे दोन विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतात. परंतु ज्या गावात आयुर्वेदाने गुण देणारा एकच वैद्य असतो, तेथे लोक यश त्या वैद्याच्या हातगुणास देतात, शास्त्रास नव्हे; आणि त्याच्यामागे त्याचा दवाखाना बंद होतो. चार वैद्य गुण देऊ लागले, तरच शास्त्राचा लौकिक वाढतो व चौघांचाही व्यवसाय चालतो.

विद्यापीठाकडे मागण्या कराव्यातच. रुग्णसंख्येची खरी तपासणी व्हावी, हा आग्रहही धरावा. मात्र त्या मान्य होईतो दरवर्षी एक तुकडी बाहेर पडत राहणार आहे. येत्या वार्षिक सभेत इच्छुक सभासदांची जिल्हावार यादी तयार व्हावी, अशी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.