गणिताच्या तासाला आमची मुले गप्प का?

'असर'चा अहवाल आला की आठ-दहा दिवस वर्तमानपत्रांना शिक्षणाची काळजी वाटते आणि मग सारे शांत होते. २०२४ सालच्या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना साधा भागाकार जमला. २०२२ मध्ये हेच प्रमाण २५.६ टक्के होते. सुधारणा झाली, हे मान्य. पण दहातली सात मुले पाचवीत बसूनही भागाकार करू शकत नाहीत, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. ही सात मुले कोणाची, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले संध्याकाळी शिकवणीला जातात.

यावर गुरुजी म्हणतात, पालक अडाणी, घरी अभ्यास घेत नाहीत. पालक म्हणतात, गुरुजी शिकवीत नाहीत. अधिकारी नवा तक्ता भरायला पाठवतात. या तिघांच्या भांडणात एक साधा प्रश्न राहून जातो. गणिताच्या तासाला मूल बोलते का? आणि बोलत असेल तर कोणाचे मूल बोलते?

आम्ही वकिली करतो, म्हणून एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पुराव्याच्या कायद्यात आपल्याच साक्षीदाराला सरतपासात सूचक प्रश्न विचारायला मनाई आहे. उत्तर प्रश्नातच दडलेले असेल तर साक्षीदाराला काय माहीत आहे हे न्यायालयाला कळत नाही, वकिलाला काय हवे आहे तेवढेच कळते. आता प्राथमिक शाळेतला गणिताचा तास ऐका. 'आठ न् सात किती? पंधरा! पाच लिहिले, हातचा किती? एक! समजले का रे?' आणि चाळीस गळ्यांतून लांबलचक 'होऽऽ'. तासभर सगळे प्रश्न सूचक, आणि हरकत घेणारा कोणी नाही. त्या 'हो'मध्ये ज्याला समजले तोही असतो आणि जिने फळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही तीही असते. गुरुजी समाधानाने पुढच्या पानावर जातात. त्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण तेही अशाच वर्गात शिकून आलेले आहेत.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांचा अभ्यास घेतला जातो. तेथे तिसरीच्या वह्यांत ४२ वजा १७ बरोबर ३५ हे उत्तर आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. त्यावर शाळेतली लाल फुली असते. फुली बरोबरच आहे, पण ती मुलाला काहीच सांगत नाही. त्याला विचारावे, 'कसे काढलेस?' तर ते सांगते की दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. चारातून एक काढला, तीन. मोठ्यातून लहान वजा करायचे हे त्याला शिकवलेलेच आहे. त्याने नियम पाळला, फक्त तो नियम येथे लागू होत नाही. (आमच्या व्यवसायात याला चुकीचे कलम लावणे म्हणतात आणि भल्याभल्यांकडून ते होते.) आता त्याच मुलाला म्हणावे, 'आईने ४२ रुपये दिले, १७ चे सामान आणलेस, परत किती द्यायचे?' ते बोटांवर हिशेब करते. सतराचे वीस व्हायला तीन, विसाचे चाळीस व्हायला वीस, वरचे दोन. पंचवीस. एकाच डोक्यात एकाच हिशेबाची दोन उत्तरे, एक शाळेचे आणि एक दुकानाचे, आणि दोघांची कधी गाठच पडलेली नाही! ती दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि वर्गाला विचारावे, यातले खरे कोणते आणि कशावरून? मग मुले भांडतात, दहा-दहाचे गठ्ठे मांडून दाखवतात, आणि दशक सुटे करणे म्हणजे काय हे एकमेकांना सांगतात. गणितातली चर्चा म्हणतात ती हीच. तिला ना संगणक लागतो ना अनुदान.

हे केवळ आमच्या वस्तीतले नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या मुलांचा तिघा संशोधकांनी अभ्यास केला आणि १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब नुसत्या आकड्यांच्या उदाहरणांत मांडून कागदावर दिले तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आली. त्यातला बारा वर्षांचा एक मुलगा ३५ ला एक याप्रमाणे चार नारळांचे १४० झाले, असे तोंडी सांगतो. तिनांचे १०५ त्याला ठाऊक आहेत, वर एकाची किंमत मिळवली की झाले. तोच मुलगा कागदावर ३५ गुणिले ४ करताना २०० लिहितो. चार पाचे वीस, हातचे दोन; ते दोन आधीच तिनात मिळवले, पाच झाले, चार पाचे वीस. हातचा आधी मिळवायचा की नंतर, हे त्याने कधी कोणाला विचारले नसावे, आणि त्यालाही कोणी विचारले नसावे. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा असाच मोठा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. तेथेही बाजारातला हिशेब पटकन करणारी मुले पुस्तकी उदाहरणांत अडली. आणि पुस्तकी उदाहरणे सोडवणारी शाळकरी मुले बाजारातल्या हिशेबात अडली. हे दुसरे वाक्य जरा थांबून वाचावे. आमच्या मुलांना 'डोके नाही' असे म्हणणाऱ्यांना ते ऐकवण्याजोगे आहे.

डोके आहे, तर मग ती वर्गात बोलत का नाहीत?

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतला एक प्रसंग धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले. वर्गात एकच गलका झाला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते. मुले धावली, डबे काढून घेतले, आणि मगच भीमरावांना फळ्याला हात लावता आला. आम्ही हा प्रसंग जयंतीच्या भाषणांत अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण तो गणिताच्या तासाचाही दाखला आहे. फळ्यापर्यंत जायचे, सर्वांसमोर चुकायचे, पुसायचे आणि पुन्हा मांडायचे, याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न आहे. आज फळ्यामागे डबे नसतात. पण फळ्यापाशी कोण जाते हे कोणत्याही शाळेत जाऊन मोजून पाहावे. पुढच्या दोन रांगांतली तीच चार-पाच मुले जातात. शेवटच्या बाकावरची मुलगी वर्षभर उठत नाही, कारण एकदा ती 'म्या असं केलं' म्हणाली आणि वर्ग हसला. हिशेब बरोबर होता, हसू बोलीला आले. पारध्यांच्या, गोंडांच्या, कोरकूंच्या, बंजाऱ्यांच्या पोरांची तर भाषाच शाळेच्या दाराबाहेर राहते.

भाषेवरून आठवले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले, तेव्हा केवढा गहजब झाला! थट्टा पार विधिमंडळापर्यंत पोहोचली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) यांचे म्हणणे साधे होते. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे 'पंचवीस' ऐकून मूल ५२ लिहून बसते. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी बोलतात, तेथे ही अडचण येत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर तीस-चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९ आणि ३९. उपाय पटो वा न पटो, रोग खरा होता. मराठी अस्मितेच्या नावाने आठवडाभर मोठी माणसे भांडली. दुसरीतल्या एकाही पोराला कोणी विचारले नाही की बाबा रे, तुझा गोंधळ नेमका कुठे होतो?

आता कायद्याचे बोलू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आमच्या कार्यकर्त्यांना त्यातले २५ टक्के प्रवेशांचे कलम तोंडपाठ असते, कलम २९ मात्र फारसे कोणी वाचत नाही. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे हे त्याच्या पोटकलम दोनमध्ये सांगितले आहे. मुलाने कृती करून, शोध घेऊन शिकावे. माध्यम शक्यतो मातृभाषा असावे. मूल भीती आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि आपले म्हणणे मोकळेपणाने मांडायला त्याला मदत व्हावी. हा संसदेने केलेला कायदा आहे, कोणा शिक्षणतज्ज्ञाची कविकल्पना नव्हे. कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळालाही मनाई करते. 'तुझ्या बापाला तरी आले होते का गणित?' हे वाक्य मानसिक छळात बसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. कलम ८ आणि ९ प्रमाणे वंचित घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी सरकारवर आणि जिल्हा परिषद, महानगरपालिका यांच्यावर आहे. वर्षभर फळ्यापाशी न बोलावणे हा भेदभाव नाही काय?

काही मंडळी म्हणतील, चर्चा करत बसले तर पाढे कधी पाठ होणार? आमचे उत्तर सरळ आहे, पाढे पाठ झालेच पाहिजेत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेसाठी जे विषय मागितले त्यात हिशेब होता, आणि तो का हवा हे सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे. चर्चेच्या नावाखाली आमच्या मुलांचे पाढे कच्चे ठेवणारी कोणतीही नवी पद्धत आम्हाला नको. उलट नुसती 'बोला, बोला' अशी चर्चा झाली तर घरी ज्यांना बोलायची सवय आहे तीच मुले बोलतील आणि आमची आणखी मागे सरकतील, हा धोका खरा आहे. म्हणून रीत महत्त्वाची. आधी प्रत्येकाने पाटीवर स्वतःचे उत्तर लिहायचे, मग शेजारच्याला सांगायचे, मग वर्गाला. प्रश्न विचारल्यावर थांबायचे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागली. आणखी एक, 'कसे काढलेस?' हे बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारले पाहिजे. फक्त चुकलेल्यालाच विचारले तर चार दिवसांत मुलांना कळते की प्रश्न आला म्हणजे आपण चुकलो, आणि ती खोडरबर शोधू लागतात.

शिक्षकांची बाजू आम्ही जाणतो. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामाला त्यांना जुंपता येत नाही, असे कलम २७ म्हणते. प्रत्यक्षात किती माहिती, किती छायाचित्रे, किती तक्ते भरून पाठवावे लागतात हे ज्याचे त्याला ठाऊक. त्यासाठी शिक्षक रस्त्यावर उतरले तर समाजाने त्यांच्या बरोबर उभे राहावे. मात्र तीन सेकंद थांबायला कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही.

हे सारे आता का लिहायचे? २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक सोय मांडली गेली. दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल, पण पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर राहील. वरवर ही दया दिसते. नापासाचा शिक्का टळतो हेही खरे. पण तो शेरा कोणाच्या गुणपत्रिकांवर जास्त येईल? तिसरीत ज्याला कोणी 'कसे काढलेस?' असे विचारले नाही, त्याच्या. अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीयच्या राखीव जागांसाठी आम्ही न्यायालयात लढतो, मोर्चे काढतो, आणि त्या जागांपर्यंत जाणारी मुले तिसरी-चौथीतच गळून जातात. चळवळीने याकडे केलेले दुर्लक्ष आता परवडणारे नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. वंचित घटकातल्या पालकांना प्रमाणशीर जागा आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला, असे कलम २१ सांगते. आमचे पालक या समितीत नुसते सहीपुरते असतात, ते बंद झाले पाहिजे. पुढच्या बैठकीला जाताना पोषण आहाराच्या तांदळाबरोबर आणखी एक विषय न्यावा. गेल्या महिन्यात गणिताच्या तासाला फळ्यापाशी कोणकोण गेले, त्यात मुली किती, आमच्या वस्तीतली मुले किती, हे विचारावे. गुरुजींशी भांडण न करता विचारावे, आणि कार्यवृत्तात लिहून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर महिनाभराने पुन्हा विचारावे. तरीही काही झाले नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहावा, मुलाचे नाव, इयत्ता आणि तारखा घालाव्यात, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये.