घर आणि शाळा : बाकावर जागा मिळाली, पुढें काय ?

दहाबारा वर्षें वर्गावर शिकवून झालेली, पदवी व अध्यापनाची परीक्षा पूर्वींच पदरांत पाडून घेतलेली शिक्षिका पुनः संध्याकाळीं अभ्यासाला बसूं लागली, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांना तिचें कौतुक वाटतें आणि थोडें नवलही वाटतें. नोकरी कायम आहे, मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत, मग ही आणखी एक परीक्षा कशाला, असा प्रश्न माजघरांतून येतो. अलीकडे अशा अभ्यासासाठीं परगांवीं जावें लागत नाहीं. देशांतील व परदेशांतील कित्येक विद्यापीठें पदव्युत्तर वर्ग ऑनलाइन भरवितात. त्यांतील एक विषय आहे 'शाळांतील समावेशक शिक्षणाचें नेतृत्व'. नांव जरा बोजडच. आणि बोजड नांवाच्या विद्येविषयीं सुशिक्षित घरांतही दोन टोकांचीं मतें असतात. कोणी तिला केवळ पगारवाढीची युक्ति समजतात, तर कोणी प्रमाणपत्राच्या कागदालाच सर्वस्व मानतात. म्हणून या विद्येचें खरें प्रयोजन काय, याचा या महिन्यांत थोडा विचार करूं.

आधीं 'समावेशक' हा शब्द पाहूं. ज्या मुलाला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, चालतां येत नाहीं, किंवा ज्याची बुद्धि चांगली असूनही अक्षरांशीं ज्याचें जमत नाहीं, त्याच्या शिक्षणाबाबत समाजानें आजवर निरनिराळे मार्ग धरले. पहिला मार्ग त्याला शिकवूंच नये हा. तो फार काळ चालला. दुसरा स्वतंत्र शाळांचा. मुंबईंत मूकबधिरांची शाळा १८८५ सालीं निघाली. बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांसाठीं सिंधूताई जोशी यांनीं १९६४ सालीं पुण्यांत 'कामायनी' काढली. या संस्थांचें काम लहान नव्हे. जेथें सर्व दारें बंद होतीं तेथें त्यांनीं एक दार उघडलें. तिसरा मार्ग १९७४ सालच्या मध्यवर्ती सरकारच्या एकात्म शिक्षणाच्या योजनेनें रुळविला. त्यानें मूल साधारण शाळेंत आलें खरें, परंतु शाळा मात्र बहुधा होती तशीच राहिली. जमलें तर मुलानें जमवून घ्यावें, न जमल्यास आल्या वाटेनें परत जावें, असा तो अलिखित करार होता.

चौथा मार्ग हा करार उलटा करतो. १९९४ सालीं स्पेनमधील सालामांका येथें ९२ सरकारांचे व २५ आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रतिनिधि जमले आणि साधारण शाळेनेंच सर्व मुलांना सामावून घेण्याजोगें व्हावें असा जाहीरनामा त्यांनीं काढला. आपल्याकडील २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांतील समावेशक शिक्षणाची व्याख्याही याच धोरणाची आहे : दिव्यांग व इतर मुलें एकत्र शिकतील आणि शिकविण्याची पद्धति निरनिराळ्या मुलांच्या गरजांप्रमाणें बदलली जाईल. व्याख्येचा हा उत्तरार्धच महत्त्वाचा आहे. पूर्वार्धासाठीं बाक पुरतो. उत्तरार्धासाठीं सारी शाळा हलवावी लागते.

हा विचार अगदीं परका मात्र नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम सुरू केलें आणि पुढें कोसबाडच्या वारली पाड्यांतून तें वाढविलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. शाळाच अंगणांत नेली, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांत नेली. वाकावयाचें तें शाळेनें, मुलानें नव्हे, हें तत्त्व त्यांनीं कोणत्याही जाहीरनाम्याच्या कितीतरी आधीं आचरून दाखविलें.

आतां दुसरा शब्द, 'नेतृत्व'. प्रेमळ शिक्षिका असली म्हणजे झालें, त्यांत पुढारीपण कशाला, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं एक उदाहरण घेऊं. पांचवींतील एक मुलगा तोंडीं उत्तरें चटकन् देतो, परंतु धडा वाचावयास सांगितला कीं घामाघूम होतो. बाईंच्या हें ध्यानांत येतें. त्या त्याला प्रश्न वाचून दाखवितात, फळ्यावरून उतरवून घेण्याचें काम कमी करतात, चारचौघांत वाचावयास उभें करीत नाहींत. मुलगा खुलूं लागतो. इतक्यांत सहामाही परीक्षा येते. तेथें प्रश्न वाचून दाखविण्याची परवानगी नाहीं, वेळ वाढवून मिळत नाहीं. मुलगा नापास होतो. जून महिन्यांत वर्ग बदलतो. नव्या गुरुजींना मागील वर्षाचें कांहींच ठाऊक नसतें, कारण कोठें नोंद नाहीं. ते पहिल्याच दिवशीं त्याला उभें करून वाचावयास सांगतात. वर्ष संपतांच बाईंची सारी मेहनत पुसली जाते.

येथें बाईंच्या ममतेंत कांहीं उणें नव्हतें. परीक्षेचे नियम, वेळापत्रक, वर्ग तळमजल्यावर ठेवावयाचा कीं माडीवर, एका शिक्षकानें दुसऱ्याच्या हातीं मूल कसें सोंपवावें, पालकांशीं कोणी व केव्हां बोलावें, या गोष्टी त्यांच्या हातीं नव्हत्या. त्या ज्यांच्या हातीं असतात, त्यांनीं हें शास्त्र शिकलें पाहिजे. निदान ज्यांनीं तें शिकलें आहे त्यांच्या हातीं त्या दिल्या पाहिजेत. नेतृत्वाचा अर्थ एवढाच : एका शिक्षिकेचा चांगुलपणा हा साऱ्या शाळेचा नियम बनविणें.

इंग्लंडांत ही गोष्ट कायद्यानें मान्य केली आहे. तेथें १९९४ पासून प्रत्येक शाळेंत विशेष गरजांच्या मुलांची व्यवस्था पाहणारा समन्वयक नेमण्याची प्रथा पडली. पुढें असें दिसलें कीं, नेमणूक झाली तरी ज्ञान आपोआप येत नाहीं. म्हणून २००९ पासून नव्या समन्वयकानें तीन वर्षांच्या आंत विद्यापीठाचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केलाच पाहिजे असा नियम झाला. तो पूर्ण 'मास्टर्स' पदवीच्या एक तृतीयांशाइतका होता. सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या जागीं शाळाप्रमुखांच्या धर्तीवरची व्यावसायिक पात्रता आली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं विशेष शिक्षकांचें प्रमाण ठरवून अधिसूचित करावें असें सांगितलें, आणि २०२२ सालीं प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागें एक व उच्च प्राथमिक वर्गांत पंधरा मुलांमागें एक विशेष शिक्षक असें प्रमाण अधिसूचित झालें. ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु विशेष शिक्षक आले म्हणजे बाकीच्या शिक्षकांची जबाबदारी संपली असें शाळेनें समजूं नये, हें पाहणारें माणूस शाळेंत लागतेंच.

हा इशारा उगाच दिलेला नाहीं. लंडनच्या शिक्षणसंस्थेंतील संशोधकांनीं इंग्लंड व वेल्समधील शाळांची कित्येक वर्षें पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले, आणि ते पुष्कळांस अनपेक्षित होते. ज्या मुलांजवळ मदतनीस अधिक वेळ बसत, त्यांची प्रगति तशाच इतर मुलांपेक्षां कमी झालेली आढळली. मदतनिसांचा यांत दोष नव्हता. मूल त्यांच्या हवालीं करून मुख्य शिक्षक निर्धास्त होत. ज्याला उत्तम शिकविणाराची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येई. शिवाय मदतनिसाचें लक्ष काम पुरें होण्याकडे असे, समजण्याकडे नसे. दयाबुद्धीनें केलेली व्यवस्थाही मुलाला वर्गांतच एकटें पाडूं शकते, हें अभ्यासावांचून कसें कळावें ?

मग या वर्गांतून शिकवितात तरी काय ? रोगांचीं नांवें पाठ करणें हा त्याचा गाभा नव्हे. टोनी बूथ व मेल एन्स्को यांनीं २००० सालीं तयार केलेली समावेशनाची प्रश्नावली अशा अभ्यासांत बहुधा भेटते. ती शाळेला तीन अंगांनीं प्रश्न विचारते : शाळेची संस्कृति कशी आहे, धोरण काय आहे, आणि प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो. अमेरिकेंत १९८४ सालीं निघालेल्या 'कास्ट' या संस्थेनें मांडलेलें तत्त्वही तेथें शिकवितात : विषय एकाच रीतीनें न मांडतां अनेक रीतींनीं मांडावा, मुलाला आपलें ज्ञान दाखविण्याच्या अनेक वाटा ठेवाव्या, आणि त्याचें मन गुंतविण्याचे उपायही अनेक असावे. आधीं अडचण पारखावी, मग योजना आंखावी, ती अंमलांत आणावी आणि फळ काय आलें तें पाहून पुनः आरंभ करावा, ही चार पायऱ्यांची रीत इंग्लंडांत रूढ आहे. ती आपल्या कोणत्याही शाळेंत, एक रुपयाही अधिक न खर्चितां, चालूं शकते.

हें सारें दूर बसून शिकतां येतें काय ? घरबसल्या पदवी ही कल्पना नवी नाहीं. लंडन विद्यापीठानें १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेचें दार उघडलें. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. या विषयापुरतें बोलावयाचें तर दूरशिक्षणाचा एक मोठाच लाभ आहे. शिकणाराला आपली शाळा सोडावी लागत नाहीं, आणि शाळा हीच या विद्येची प्रयोगशाळा. आपल्याच वर्गांत कोण प्रश्न विचारतें, कोण गप्प राहतें याची पंधरा दिवस नोंद करावी, एक गोष्ट बदलून पाहावी, काय झालें तें प्रामाणिकपणें लिहावें. या कृतिसंशोधनाला दुसरी जागाच नाहीं. रात्रीं वाचलेलें सकाळीं करून पाहतां येतें. मात्र जी शिक्षिका रात्रीं वाचते आणि सकाळीं करून पाहत नाहीं, तिला निबंधाचे गुण मिळतील, विद्या मिळणार नाहीं. आणि निबंध दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहवून घेतला, तर गुणही उसने आणि पदवीही उसनीच.

प्रवेश घेण्यापूर्वीं तीन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. विद्यापीठ भारतांतील असेल तर त्या अभ्यासक्रमास ऑनलाइन पद्धतीनें चालविण्याची विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय. परदेशांतील असेल तर आपल्या संस्थेंत व सरकारदरबारीं ती पदवी ग्राह्य धरतील काय, याचें उत्तर लेखी घ्यावें. दुसरें, नेतृत्वाची ही पदवी म्हणजे विशेष शिक्षकाचा परवाना नव्हे. त्या व्यवसायासाठीं १९९२ सालच्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिचे अभ्यासक्रम निराळे आहेत. तिसरें, शिकलेलें राबविण्यास मुख्याध्यापकांची संमति आहे काय. ही तिसरी गोष्ट नसेल, तर पहिल्या दोन असून नसून सारख्याच.

आतां घराकडे वळूं. शिकणाऱ्या सुनेला किंवा लेकीला शुल्कापेक्षां अधिक गरज असते ती एका अखंड तासाची. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून तो तास मिळणें कठीण. आणि माणसें पुष्कळ, म्हणूनच तो देणें सोपें. संध्याकाळचा स्वयंपाक एका जावेनें, मुलांचे पाढे आजोबांनीं, अशी वांटणी मनावर घेतल्यास सहज होते. तें आपण तिच्यावर उपकार म्हणून करूं नये. तिच्या वर्गांतील चाळीस मुलांच्या वतीनें करावें.

परंतु याहून अवघड परीक्षा घराचीच आहे. आपल्याच घरांतील एखादें मूल वाचतांना अडखळतें, तेव्हां आपण त्याला आळशी म्हणतों, चुलतभावाचे गुण त्याच्यापुढें नाचवितों. आणि कोणी तज्ज्ञाकडे नेण्याची गोष्ट काढली कीं, आपल्या घराण्यांत असें कोणी नाहीं, असें उत्तर देतों. वर उल्लेखिलेल्या कायद्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचाही समावेश आहे, आणि ती कोणत्याही घराण्याची अब्रू पाहून येत नाहीं. झांकून ठेवल्यानें ती जात नाहीं; जातीं तीं मुलाच्या शिक्षणाचीं वर्षें. उलट दुसऱ्याचें असें मूल आपल्या मुलाच्या बाकावर आलें, तर अभ्यासक्रम मागें पडेल म्हणून शाळेकडे तक्रारअर्ज घेऊन जाणारेही आपणच असतों. थोडा विचार केला तर दिसेल कीं, सूचना तुटक व स्पष्ट दिली, प्रश्न एकदां मोठ्यानें वाचून दाखविला, फळ्यावरचें अक्षर ठळक काढलें, तर तें ज्याच्यासाठीं केलें त्याच्याबरोबर मागच्या रांगेंतील आणखी दहाजणांस समजतें. त्यांत आपलेंही मूल असूं शकतें.

तेव्हां पुढच्या पालकसभेंत गुणांची चौकशी झाल्यावर वाचकांनीं आणखी एक प्रश्न शाळेला अवश्य विचारावा : ज्या मुलाला या वर्गांत जड जातें, त्याच्यासाठीं काय केलें, याची नोंद पुढच्या वर्षाच्या शिक्षकाला कोण देतें ? ज्या शाळेंत या प्रश्नास एका माणसाचें नांव घेऊन उत्तर मिळेल, तेथें तें मूल बाकावर नुसतें बसलेलें नाहीं, तें शाळेंत आहे असें समजावें. जेथें उत्तर मिळणार नाहीं, तेथें तें शोधावयास निघालेली एखादी शिक्षिका कदाचित् आपल्याच घरांत दिवा लावून वाचीत बसलेली असेल. तिला हांक मारण्यापूर्वीं तेवढा तास जाऊं द्यावा.