वर्षाची पट्टी आणि चौथ्या दिवसाचे पाणी

'धरण उशाशी आणि कोरड घशाशी' ही म्हण सोलापुरास जितकी लागू पडते, तितकी ती महाराष्ट्रातील फारच थोड्या शहरांस पडत असेल. इतर गावी सणवारांचे दिवस असतात. सोलापुरात त्यांच्या जोडीला 'पाण्याचा दिवस' असतो. त्या दिवशी लग्नाची बोलणी पुढे ढकलली जातात, दुकान तासभर उशिरा उघडते आणि घरातील एक तरी माणूस मध्यरात्रीपासून नळाशी कान लावून बसलेले असते. कधी दोन दिवसांआड, कधी तीन, कधी चार. हा क्रम गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि त्यातील सर्वांत वाईट गोष्ट ही की, आता त्याचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. अन्याय जुना झाला की तो रूढी बनतो, आणि रूढी बनला की त्याची दाद मागणारासच लोक विक्षिप्त म्हणू लागतात. म्हणून या प्रश्नाचा हिशेब एकदा चोख मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम पाणी खरोखरच नाही काय, ते पाहू. २०११ च्या शिरगणतीत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. दर माणशी रोज १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण धरिले, तर तेवढ्या लोकवस्तीस दररोज सुमारे १२ कोटी ८५ लक्ष लिटर आणि वर्षास दोन टीएमसीहूनही कमी पाणी पुरते. तेव्हापासून झालेली वाढ आणि वाटेतील गळती धरून हा आकडा आपण अडीच टीएमसी मानू. आता दुसरी बाजू पाहा. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. पैकी उपयुक्त साठा ५३.५७ आणि मृत साठा ६३ टीएमसींच्या वर. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण 'उणे साठ टक्क्यांच्या' घरात गेले म्हणून हाहाकार उडाला. परंतु त्या दिवशीही मृत साठ्यात एकतीस टीएमसींच्या आसपास पाणी होते. बाष्पीभवन आणि गाळ यांची वजावट कितीही सढळ हाताने केली, तरी एका शहराची कित्येक वर्षांची तहान त्यात भागली असती. म्हणजे सोलापूर तहानेले आहे ते पाण्याच्या अभावी नव्हे, तर पाणी आणण्याच्या आणि वाटण्याच्या व्यवस्थेच्या अभावी, हे गणिताने सिद्ध होते.

मग दोष कोठे आहे? शहराच्या पाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे धरणातून भीमेच्या पात्रात सोडून, दोनशेच्या वर किलोमीटर वाहवत औज व चिंचपूर येथील बंधाऱ्यांत आणावयाचा आणि तेथून टाकळीच्या पंपांनी उचलावयाचा, अशी पद्धत पडली. वाटेत काही पाणी वाळू पिते, काही ऊन पिते आणि काही दोन्ही काठांचे मोटारपंप पितात. आम्ही शेतकऱ्यास दोष देत नाही. डोळ्यांदेखत पीक जळत असता दारावरून वाहणारे पाणी घेऊ नको असे त्यास कोण सांगणार? दोष आहे तो नदीचा नळासारखा उपयोग करण्यात. उजनीपासून शहरापर्यंतची पहिली जलवाहिनी अपुरी पडते हे उघड झाल्यावर रोज १७ कोटी लिटर आणणारी सुमारे ११० किलोमीटरांची दुसरी समांतर वाहिनी ठरली. पण निविदा, मक्तेदाराशी वाद, मार्गाचा घोळ यांत वर्षांमागून वर्षे गेली. शिवाय ही वाहिनी पाणी आणणार ते शहराच्या वेशीपर्यंत. वेशीपासून चुलीपर्यंतच्या जुन्या, गळक्या नळ्यांचे आणि अपुऱ्या टाक्यांचे काय? पोहरा मोठा केला आणि त्याचे भोक तसेच ठेविले, तर घरी येणारे पाणी वाढत नाही, विहिरीवरचा चिखल तेवढा वाढतो.

यात भर विजेची. उजनी, टाकळी, पाकणी येथील पंप थांबले की रिकामी झालेली वाहिनी पुन्हा भरण्यातच तास जातात आणि साऱ्या शहराची पाळी एक दिवस पुढे ढकलली जाते. ज्या तालुक्यात फताटेवाडी येथे १३२० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, त्याच मुलखातील पिण्याच्या पाण्याचे पंप वीज गेली म्हणून बंद पडावेत, याला दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. हा व्यवस्थेतील ढिलेपणा आहे.

कोणी म्हणेल की, चौथ्या दिवशी का होईना, पाणी पुरेसे येते. साठवावे आणि वापरावे. हा युक्तिवाद ज्याच्या घरी जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी आहे त्याचा आहे. पूर्व भागातील एका खोलीत राहणाऱ्या विणकराच्या घरी चार घागरी आणि एक पिंप एवढीच साठवण. त्याचे पाणी दुसऱ्या दिवशी संपते. हजारी विड्यांवर मजुरी मिळवणारी बाई पाण्याच्या दिवशी सुपासमोर बसू शकत नाही. तिची तेवढी कमाई बुडते. म्हणजे अनियमित पाणी हा गरिबांवर, त्यातही स्त्रियांवर, कोणत्याही सभागृहाने मंजूर न केलेला एक करच आहे. आरोग्याची गोष्ट निराळीच. रिकाम्या नळीत पोकळी निर्माण होऊन शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत ओढले जाते, आणि घरोघरी साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. पाणी आणि रोग यांची अशी एकत्र पोच होत असते.

आता कायद्याचे पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने पाणीपुरवठा हे पालिकेचे ऐच्छिक नव्हे, तर बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. पैसा नाही ही सबब अशा कर्तव्यास चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या प्रसिद्ध खटल्यात स्पष्ट केले. आणि १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात निर्मळ पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तत्त्व उत्तम आहे. उणीव आहे ती साधनाची. विजेचेच उदाहरण घ्या. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडावयाची झाली तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सेवेचे मानक मोडल्यास भरपाईची तरतूद आहे. गाऱ्हाण्यासाठी मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. ती यंत्रणा निर्दोष आहे असे नाही, परंतु दाद मागण्यास एक दार तरी आहे. पाण्याच्या ग्राहकास असे दारच नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नळजोडणी मिळण्यास मुदत घालून दिली. त्या नळास पाणी येण्याची मुदत मात्र कोठेही लिहिलेली नाही!

पट्टी मात्र साऱ्या वर्षाची. तीन दिवसांआड पाणी म्हणजे वर्षातून सुमारे ९१ दिवस. चार चादरींचे दाम घेऊन एकच चादर बांधून देणारा व्यापारी सोलापूरच्या पेठेत किती दिवस टिकेल, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे नको. आम्ही फुकट पाणी मागत नाही. मीटरनेही आमचे वावडे नाही. कऱ्हाडजवळच्या लहानशा मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्याजोगे चोवीस तास पुरविण्याचा आरंभ केला. जे त्यांस साधले ते सोलापुरास का साधू नये?

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात असे. धरणातून किती पाणी घेतले, नळापर्यंत किती पोचले आणि वाटेत किती गेले, याचा हिशेब पालिकेने दरमहा प्रसिद्ध करावा. आणि हा हिशेब खरा व्हावा म्हणून घरोघरच्या मीटरांआधी प्रत्येक टाकीवर मीटर बसवावे. पाळीचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करावे व ते जितके मोडेल तितकी पट्टीत सूट द्यावी. पंपांस स्वतंत्र व पर्यायी वीज असावी. आणि पाण्याच्या ग्राहकासाठी विजेसारखाच तक्रार-मंच राज्याने कायद्याने स्थापावा.

परंतु लोकांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नळास मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी ओढणारे, तोटी न बसविता पाणी गटारात सोडणारे आणि मतांच्या वेळी फक्त आपल्या गल्लीपुरता एक तास वाढवून मागणारे आपणच आहोत. जोवर प्रत्येक जण आपली घागर भरण्याची युक्ती शोधतो, तोवर शहराची घागर रिकामीच राहणार.

याच सोलापूरच्या नगरपालिकेवर १९३० साली राष्ट्रध्वज फडकला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या शहराचे चार सुपुत्र येरवड्यास फासावर गेले. त्यांनी मागितलेले स्वराज्य केवळ कचेरीवरील ध्वज बदलण्याचे नव्हते. कचेरीतील माणसास जाब विचारण्याचे होते. २०२२ पासून काही वर्षे तर पालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते आणि जाब कोणास विचारावा हाही प्रश्न होता. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमाने या गावी तलाव खणविला, अशी परंपरा आहे. त्या तलावाच्या काठी दर संक्रांतीस जमणाऱ्या लाखोंनी भक्तीबरोबर एक संकल्पही करावा: पट्टी आम्ही वेळेवर देऊ, पण पाणीही वेळेवर घेऊ. हा संकल्प ज्या दिवशी होईल, तोच सोलापूरचा खरा 'पाण्याचा दिवस' होय.